सॅम्पलर आणि लॅपटॉप जोडून बीट बनवताय? मग या चुका टाळा

एमपीसी (अकाईचा पॅडवाला सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे घेऊन वाजवणारं मशीन) घ्यावा की एफएल स्टुडिओवरच (लॅपटॉपवरचं बीट बनवायचं सॉफ्टवेअर) भागवावं, या वादात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन-चार बीट सहज बनून होतात. नुसत्या बॉक्सवर, म्हणजे सॅम्पलरवर, किंवा नुसत्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याचं सहसा फारसं अडत नाही. अडतं ते दोन्ही जोडल्यावर. आवाज एकातून दुसऱ्यात जातो, टेम्पो एकाचा दुसऱ्याला पाळावा लागतो, एकाच्या सवयी दुसऱ्यावर लादल्या जातात. खालच्या बहुतेक चुका या सांध्यावरच्या आहेत.

जुन्या मशीनचा आवाज नव्या मशीनकडून मागणे

'हार्डवेअरचा आवाज गरम असतो' असं ऐकून लोक नवा एमपीसी घेतात, त्यात एक वेव्ह फाइल टाकतात आणि ती लॅपटॉपवर वाजते तशीच वाजली की हिरमुसतात. तशीच वाजणार. आजचा एमपीसी म्हणजे आतून कॉम्प्युटरच आहे. फाइल स्वच्छ वाजवणं हेच त्याचं काम. लोकांच्या कानात असतो तो ई-म्यू एसपी-१२०० (१९८७) किंवा अकाई एमपीसी-६० (१९८८) यांचा आवाज, आणि तो त्यांच्या मर्यादांतून आलेला आहे. एसपी-१२०० १२ बिटची, २६.०४ किलोहर्ट्झची. सगळं मिळून १० सेकंदांची जागा आणि एका सॅम्पलला जास्तीत जास्त २.५ सेकंद. जागा वाचवायला लोक ३३ आरपीएमची तबकडी ४५ वर लावून सॅम्पल घ्यायचे आणि मशीनमध्ये पुन्हा खाली उतरवायचे. तो खरखरीत, किंचित धातूसारखा आवाज या उतरवण्यातून येतो.

लॅपटॉपवर हे जमतं, पण क्रम पाळावा लागतो. सर्रास होणारी चूक म्हणजे मास्टरवर (जिथे सगळे ट्रॅक एकत्र येतात) बिटक्रशर, म्हणजे आवाजाचे बिट आणि सॅम्पल रेट कमी करणारा इफेक्ट, लावणे. त्याने हॅट, बेस, गाणाऱ्याचा आवाज सगळंच एकदम किसलं जातं. त्याऐवजी एकेका सॅम्पलवर असं करा:

१. सॅम्पलचा वेग १.३५ पट करा, म्हणजे ५ सेमीटोन २० सेंट वर (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन). टाइम-स्ट्रेच बंद हवा. एबलटनमध्ये (एफएलसारखंच सॉफ्टवेअर) वॉर्प मोड री-पिच, एफएलच्या सॅम्पलरमध्ये स्ट्रेचचा मोड रिसॅम्पल.
२. त्यावर बिटक्रशर: १२ बिट, २६ किलोहर्ट्झ. एबलटनमधलं रिडक्स पुरतं.
३. नवी फाइल काढा. ही पायरी गाळली तर बाकीची मेहनत वाया.
४. ती नवी फाइल ५ सेमीटोन २० सेंट खाली उतरवा.

२६.०४ ला १.३५ ने भागलं की १९.३ किलोहर्ट्झ उरतात. म्हणजे साधारण ९.६ किलोहर्ट्झच्या वर जे ऐकू येतं ते मूळ आवाजात नसलेलं, या उलटसुलट प्रक्रियेतून तयार झालेलं असतं. 'क्रंच' म्हणतात तो हाच. किक-स्नेअरला शोभतो, हार्मोनियमच्या लांब सुरावर मात्र लगेच टोचायला लागतो.

याच काळातून आलेला दुसरा सल्ला म्हणजे 'लाल दिवा लागेपर्यंत रेकॉर्ड कर'. एका बिटमागे सर्वात मोठा आवाज आणि खालची खरखर यांच्यात सुमारे ६ डेसिबल अंतर मिळतं. १२ बिटला जेमतेम ७२, त्यामुळे तेव्हा खालची पातळी ठेवली की खरखर वर यायची. आता १६ बिटला ९६ आणि २४ बिटला १४४ आहेत. सर्वात मोठा ठोका उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान आला की पुरे. एसपी-४०४ (रोलंडचा सॅम्पलर) वर पुन्हा पुन्हा रिसॅम्पल, म्हणजे मशीनचा आवाज त्यातच परत रेकॉर्ड, करणाऱ्यांनी हे जास्तच पाळावं, कारण प्रत्येक फेरीत पातळी थोडी वर सरकते आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत किक फाटते. मूळ सॅम्पल वेगळ्या बँकेत ठेवा. एकदा भाजून काढलेला इफेक्ट परत निघत नाही.

स्विंगचा आकडा जसाच्या तसा उचलणे

एमपीसीच्या स्विंगभोवती बरंच गूढ उभं केलंय. हिशेब साधा आहे. दोन सोळाव्यांची (सोळावा म्हणजे मात्रेचा चौथा भाग) एक जोडी घ्यायची आणि दुसरी थोडी मागे सरकवायची. ५० म्हणजे अगदी सरळ, ६६ च्या आसपास ट्रिपलेट (जोडीचे तीन समान भाग, दुसरा ठोका तिसऱ्यावर), कमाल ७५. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० मात्रा) सरळ सोळावा १६६.७ मिलिसेकंदांचा असतो. ५४ ला दुसरा ठोका १३ मिलिसेकंद उशिरा पडतो, ५८ ला २७, ६२ ला ४०.

आता 'एमपीसीवर ५८ भारी वाटतं' म्हणून एफएलच्या स्विंगपट्टीवर ५८ टक्के लावलं की बीट लंगडायला लागते. एफएलमध्ये सरळ म्हणजे शून्य, एमपीसीत सरळ म्हणजे ५०. दोन्ही मोजपट्ट्याच वेगळ्या. खात्री करायची तर नुसती हॅट दोन्हीकडून एकेक बार रेकॉर्ड करा, वेव्हफॉर्म मोठं करा आणि पहिल्या-दुसऱ्या ठोक्यातलं अंतर मोजा. ९० बीपीएमला ५८ साठी ते १९३ मिलिसेकंद यायला हवं.

दुसरा घोटाळा दुहेरी स्विंगचा. बॉक्सवर स्विंग देऊन वाजवलेलं मिडी (नोट्स आणि टेम्पोचे संदेश) लॅपटॉपवर आणलं आणि तिथे पुन्हा ग्रूव्ह (स्विंगचा तयार साचा) लावला, किंवा सॅम्पल केलेल्या लूपमध्ये आधीच स्वतःची चाल आहे आणि वर वेगळ्या स्विंगची हॅट ठेवली. ठोके एकमेकांच्या टाचेवर पडू लागले की समजा हेच झालंय. लूपची चाल कायम ठेवा, हॅट तिच्या मागे न्या.

क्वांटाइझ (ठोके आपोआप ग्रिडवर बसवणं) चालू, तरी ठोका मागे

ही तक्रार सर्वात जास्त येते. कारणं या क्रमाने तपासा.

चॉपच्या, म्हणजे कापलेल्या तुकड्याच्या, सुरुवातीला शांतता राहिलीय का? पॅड वेळेवर वाजतो, पण आवाज २० मिलिसेकंदांनी सुरू होतो. पडद्यावर पूर्ण झूम करून स्टार्ट पॉइंट ठोक्याच्या अगदी कडेला आणा. तिथे 'टिक' आवाज आला तर वेव्ह शून्य रेषा ओलांडते त्या जागी सरका, किंवा एक-दोन मिलिसेकंदांचा फेड द्या. यापेक्षा लांब फेड दिला की स्नेअरचा चटका जातो.

सॅम्पल एमपी३ आहे का? या फाइलच्या सुरुवातीला एन्कोडर स्वतःची शांतता घालतो, साधारण २५ मिलिसेकंद. काही प्रोग्रॅम ती कापतात, काही नाही. तुमच्या लॅपटॉपवर नीट फिरणारा लूप मित्राच्या मशीनवर अडखळतो तो यामुळे. लूपची देवाणघेवाण वेव्हमध्येच करा. ९० बीपीएमचा चार बारचा लूप १०.६६७ सेकंदांचा, ४४.१ किलोहर्ट्झला बरोबर ४,७०,४०० सॅम्पल (इथे आवाजाची सुटी मोजमापं) भरतो. आकडा वेगळा दिसला की चूक फाइलमध्ये आहे, मशीनला दोष देऊ नका.

लॅपटॉपचा बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवलेली सॅम्पल) किती आहे? ४४.१ किलोहर्ट्झला १२८ म्हणजे २.९ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६, १०२४ म्हणजे २३.२. यात ड्रायव्हर आणि इंटरफेसचा (लॅपटॉपला आवाज देणारं-घेणारं उपकरण) उशीर वेगळा मिळतो. पॅड वाजवताना १२८ किंवा २५६, मिक्सिंगला १०२४. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर वापरा. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून फिंगर ड्रमिंग करू नका. तिथला उशीर इतका मोठा असतो की बफर कितीही कमी केला तरी काही उपयोग नाही.

सिंक

बॉक्स आणि लॅपटॉप जुळत नाहीत म्हटल्यावर लोक केबल बदलतात, फर्मवेअर टाकतात, शेवटी मशीन विकायला काढतात. आधी एक चाचणी करा. दोन्हीवर ९० बीपीएम ठेवा, बॉक्सवर प्रत्येक मात्रेला एक रिमशॉट लावा, १६ बार लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करा. ही लांबी ४२.६७ सेकंद होते. मग पहिला, मधला आणि शेवटचा ठोका ग्रिडवर बघा.

तिन्ही ठोके सारख्याच अंतराने मागे असतील तर तो नुसता उशीर आहे. तेवढा ट्रॅक पुढे ओढा किंवा मिडी क्लॉकच्या (एका मशीनने दुसऱ्याला पाठवलेला टेम्पोचा ठेका) सेटिंगमध्ये तेवढी भरपाई द्या. अंतर वाढत गेलं तर टेम्पोच वेगळे आहेत. पडद्यावर ९० दिसतं आणि आत ९०.१ असतं तेव्हा १६ बारअखेर ४७ मिलिसेकंदांचा फरक पडतो. दशांश चिन्हापुढचा आकडा उघडून बघा. ठोके कधी पुढे, कधी मागे पडत असतील तर क्लॉक डळमळतोय.

डळमळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे क्लॉक दोन वाटांनी पोहोचणं: यूएसबीतूनही आणि पाच पिनांच्या मिडी केबलमधूनही. मिडी क्लॉक एका मात्रेत २४ टिक पाठवतो. तेच टिक दोनदा आले की बॉक्सवरचा टेम्पो दुप्पट दाखवतो किंवा उड्या मारतो. एक वाट बंद करा. शिवाय क्लॉक पाठवणारा एकच हवा. आमच्या मते तो लॅपटॉप असावा, बॉक्सने मागे चालावं. उलटं केलं की लॅपटॉपचा टेम्पो सतत ९०च्या आजूबाजूला थरथरत राहतो.

बीट बॉक्सवर पूर्ण झालेली असेल आणि ती फक्त लॅपटॉपवर न्यायची असेल, तर सिंकची गरजच नाही. एमपीसीमधून ऑडिओ मिक्सडाउन करताना ट्रॅक सुटे काढायचा पर्याय घ्या. सगळ्या फाइल एकाच बिंदूपासून सुरू होतात, लॅपटॉपवर बार एकवर ठेवल्या की झालं.

सॅम्पल रेटबद्दल थोडक्यात: गाणं अचानक जवळपास दीड सेमीटोन चढलं आणि ९० चं ९८ झालं, तर ४४.१ ची फाइल ४८ म्हणून वाजतेय. एसपी-४०४ एमके-टू ४८ वर चालतो. तो इंटरफेस म्हणून लावणार असाल तर प्रोजेक्ट सुरू करतानाच ४८ ठेवा.

गुणगुण, घरघर आणि गायब झालेला गायक

यूएसबी आणि ऑडिओ केबल दोन्ही जोडल्या, लॅपटॉप चार्जरवर आहे, आणि मागे ५० हर्ट्झची गुणगुण: हा ग्राउंड लूप, म्हणजे दोन्ही वस्तूंची अर्थिंग एकाहून जास्त वाटांनी जोडली गेलीय. चार्जर काढून बघा. एसपी-४०४ एमके-टू असेल तर सहा एए सेलवर चालवून बघा. आवाज थांबला की निदान पक्कं. उपाय म्हणजे दोन्ही वस्तू एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेणे, तेवढ्याने भागलं नाही तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा 'जुगाड' करू नका. शॉक बसल्यावर तो स्वस्त वाटणार नाही. माउस हलवला की बारीक चिरचिर बदलत असेल तर बॉक्सला वीज लॅपटॉपच्या यूएसबीतून जातेय. वेगळा अडॅप्टर द्या.

दुसरी चूक केबलची. बॉक्सच्या हेडफोन जॅकमधून एकच टीआरएस (स्टीरिओ) केबल इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातली की इंटरफेस डाव्यातून उजवा वजा करतो. मधोमध असलेलं सगळं नाहीसं होतं: किक, बेस, गायकाचा आवाज. उरतो तो रिव्हर्ब. लोक यावर ईक्यू फिरवत बसतात. लाइन आउटमधून दोन मोनो केबल घ्या. टर्नटेबल थेट लाइन इनपुटला लावला तरी असंच फसायला होतं. आवाज बारीक आणि पत्र्यासारखा आला की मध्ये फोनो प्रीअॅम्प (तबकडीचा बारीक आवाज वाढवून सुधारणारं यंत्र) हवा.

ढोलकी चॉप करताना

परदेशी ट्यूटोरियल ड्रम ब्रेक धरून चालतात. ढोलकी-तबल्याला त्यातले दोन नियम बदलावे लागतात.

म्यूट ग्रुप, म्हणजे एक पॅड वाजला की त्याच गटातला दुसरा बंद होतो. ड्रमकिटमध्ये बंद हॅट उघड्या हॅटला कापते, तेवढं पुरतं. ढोलकीत घुमणाऱ्या बाजूचे सगळे बोल एका ग्रुपमध्ये आणि शाईच्या बाजूचे दुसऱ्या ग्रुपमध्ये ठेवा. सगळे एकाच ग्रुपमध्ये टाकले तर उजव्या हाताची थाप पडताच डाव्याचा घुमारा तुटतो आणि वाजवणारा एका हाताने वाजवतोय असं वाटतं. ग्रुपच केले नाहीत तर दोन घुमारे एकमेकांवर चढून खालचा भाग चिखल होतो.

सूर. शाईची पुडी काळी एकला लागलेली असेल आणि तुमचा बेस पांढरी एकमध्ये असेल तर मिक्स कितीही चांगलं करा, काहीतरी खटकत राहणारच. सॅम्पल एक सेमीटोन उतरवा. दोन-तीन सेमीटोनपलीकडे जाऊ नका; घुमाऱ्याची लांबी बदलते आणि वाद्याचं आकारमानच वेगळं वाटू लागतं. त्यापेक्षा बेस हलवा.

जुन्या लावणीच्या ध्वनिमुद्रणात लय चढत जाते, त्यामुळे '१६ समान तुकडे' इथे चालत नाहीत. ठोक्यांवरून कापा, आणि टेम्पो स्वतः काढा: मात्रा गुणिले ६०, भागिले सेकंद. १६ मात्रा १०.४ सेकंदांत म्हणजे ९२.३. ९० वर आणायला ४४ सेंट उतरवलं तरी पुरतं, स्ट्रेच लागतच नाही.

अशी तबकडी उचलताना हक्कांचाही घोळ होतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६० साली निघालेल्या तबकडीचा २०२० अखेर संपला. पण गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. चाल ओळखू येत असेल तर परवानगीचा प्रश्न उरतोच. सुटा ठोका आणि गायलेली ओळ यांत फरक करा.

सेव्ह

एमपीसीत केलेलं काम रॅममध्ये असतं. एमपीसी वनला बॅटरी नाही. लाइट गेली की सेव्ह न केलेली बीटही गेली. सेव्ह करताना नुसता सीक्वेन्स न घेता पूर्ण प्रोजेक्ट घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी नोट्स असतात आणि पॅड रिकामे. मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेलं ठेवलं तर जुन्या-नव्या दोन्ही मशीन ते वाचतात. लॅपटॉपवर सॅम्पल डाउनलोड्सच्या फोल्डरमधूनच ओढलेले असतात आणि महिन्याभराने तो फोल्डर साफ होतो. म्हणून एबलटनमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह', एफएलमध्ये 'झिप्ड लूप पॅकेज' करून ठेवा. एफएलची ट्रायल आवृत्ती वापरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या की तिच्यात प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. त्या दिवशीच्या वेव्ह त्याच दिवशी काढा.