हालचालीतून चित्र आणि ध्वनी घडवताना

प्रेक्षक हलला की पडद्यावरचे चित्र आणि खोलीतला ध्वनी बदलतो, अशी कलाकृती उभारायला एक वेबकॅम, संगणक, स्पीकर आणि पडदा एवढी सामग्री पुरते. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केलेले ‘प्रोसेसिंग’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर या कामाला सोयीचे आहे.

हालचाल ओळखण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे लागोपाठच्या दोन फ्रेमची, म्हणजे कॅमेऱ्याने एकामागून एक टिपलेल्या स्थिर चित्रांची, वजाबाकी. कॅमेऱ्याचे चित्र आधी करड्या छटांत आणावे, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ यांपैकी एक मूल्य मिळते. आधीच्या फ्रेममधल्या मूल्याशी असलेला फरक ३० हून कमी भरला, तर तो कॅमेऱ्याचा स्वतःचा थरथराट समजून सोडून द्यावा. उरलेले पिक्सेल मोजून त्यांना एकूण पिक्सेलनी भागले की हालचालीचे प्रमाण ० ते १ या मापात हाती येते. त्यासाठी ६४० बाय ४८० चे चित्र लागत नाही. १६० बाय १२० मध्ये १९,२०० पिक्सेल असतात, म्हणजे मोठ्या चित्राच्या सोळाव्या हिश्श्याइतके, आणि हात हलला हे कळायला ते भरपूर होतात.

हा आकडा थेट ध्वनीच्या तीव्रतेला जोडला, तर आवाज तुटक येतो. म्हणून जुने मूल्य आणि नवे मोजमाप यांतल्या फरकाचा काही हिस्साच दर फ्रेमला मिळवावा. हा हिस्सा चढताना ०.३ आणि उतरताना ०.०५ ठेवावा, असे मी सुचवेन. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या, तर हात थांबल्यावर मूल्य सुमारे दीड सेकंदात दशांशावर येते आणि आवाज घंटेच्या नादासारखा विरतो.

स्वराची उंची हालचालीच्या मध्यबिंदूवरून, म्हणजे बदललेल्या पिक्सेलच्या सरासरी जागेवरून, ठरवावी. पडद्यावरचे अंतर वरून खाली मोजले जाते, ते आधी उलटवून घ्यावे. येथे एक चूक हमखास होते: २२० ते ८८० हर्ट्झ हा पल्ला सरळ प्रमाणात वाटला जातो, आणि मध्यावर ५५० येतात. कानाला प्रत्येक सप्तक दुपटीने जाणवत असल्यामुळे तेथे ४४० हवेत. त्यासाठी ० ते १ मधल्या उंचीची दुप्पट हा २ चा घातांक धरून येणाऱ्या संख्येने २२० ला गुणावे.

चित्राला एकच परिणाम पुरे. हालचाल झाली तेथे रंग उमटवून दर फ्रेमला संपूर्ण चित्रावर किंचित पारदर्शक काळा थर चढवला की हातामागे रंगाची शेपूट राहते. चित्र आरशासारखे उलटवायला मात्र विसरू नये.

माझ्या पहिल्या मांडणीत रिकाम्या खोलीतही आवाज वाढतच गेला, कारण कॅमेऱ्याला पडदा दिसत होता आणि पडद्यावरचा बदल हीच हालचाल मोजली जात होती. कॅमेरा पडद्याच्या बाजूला, प्रेक्षकाकडे तोंड करून लावावा आणि त्याचे आपोआप होणारे एक्सपोजर, म्हणजे प्रकाशानुसार चित्र उजळ-मंद करणे, बंद करावे.

या रीतीत स्तब्ध उभा राहिलेला माणूस कॅमेऱ्याच्या लेखी नाहीसाच होतो. ही उणीव झाकण्याऐवजी मी वापरून घेतो: वीस सेकंद काहीच हलले नाही, तर काळ्या पडद्यावर एक मंद स्वर आणि एक फिकट रेघ येते, आणि बोट हलताच दोन्ही विझतात.