जुन्या परफ्यूमची बाटली: उघडायची कशी आणि जपायची कशी

जुनं परफ्यूम हाती आलं की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, "आधी उघडून वास तर घे!" नेमकं तेच करू नका. बंद बाटलीत परफ्यूम अनेक दशकं तग धरतं. उघडलं की आत ताजी हवा शिरते आणि ऑक्सिजन कामाला लागतो. लिंबू-संत्र्याच्या सालीची तेलं सगळ्यात आधी बिघडतात, म्हणून जुन्या परफ्यूमचा पहिला वास उग्र, व्हार्निशसारखा येतो. तेवढ्यावरून "खराब झालं" म्हणत ते बेसिनमध्ये ओतणाऱ्यांचा मला राग येतो. कागदी पट्टीवर थेंब टाकून अर्धा तास थांबा. खालची राळ, लाकूड, कस्तुरी बऱ्याचदा शाबूत असते. रंग गडद होणंही बिघाडाचा पुरावा नाही. व्हॅनिलाचा वास देणाऱ्या नुसत्या व्हॅनिलिननेसुद्धा द्रव तपकिरी होतो.

आणि ओतून दिलेलं परत मिळत नाही. कोटी या फ्रेंच कंपनीचं 'शिप्र' (1917) आणि गेर्लाँ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीचं 'मित्सुको' (1919) ही परफ्यूम ओकमॉसवर उभी होती. त्या शेवाळासारख्या दगडफुलातल्या दोन घटकांमुळे अॅलर्जी होते म्हणून युरोपीय संघाने त्यांच्यावर बंदी घातली. नाव तेच असलं तरी आजच्या बाटलीत जुना वास जसाच्या तसा नसतो.

उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, तळावरचे आकडे टिपा, बाटली अचूक काट्यावर तोलून वजन लिहून ठेवा. खोका आणि आतलं पत्रक फेकू नका.

आता खरी डोकेदुखी: घासलेल्या काचेचं अडकलेलं बूच. माझा सगळ्यात जास्त घाम इथेच निघाला आहे. बूच आणि मान यांच्या फटीत परफ्यूम झिरपतं, अल्कोहोल उडून जातो आणि मागे राहिलेली राळ गोंदासारखी घट्ट धरते. म्हणजे भांडण राळेशी आहे, ते मनगटाच्या जोराने सुटत नाही. पक्कड तर खोलीतही आणू नका.

मानेवर दोरा आणि पातळ पडदा बांधलेला असेल तर तो पडदा बहुधा जनावराच्या आतड्याचा असतो. त्याचा फोटो घ्या, सावकाश सोडवा आणि जपून ठेवा. लेबल झाका, कारण अल्कोहोलने शाई पसरते. मग ड्रॉपरने शुद्ध अल्कोहोलचा एक थेंब बूच आणि मानेच्या सांध्यावर सोडा. तो आत ओढला गेला की दुसरा. काही तास थांबा आणि पुन्हा तेच करा. एका रात्रीत सुटलं नाही म्हणून चिडू नका, दोन-चार दिवस लागणं अगदी नेहमीचं आहे.

त्यानंतर बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून ताटात धरा, म्हणजे फुटलीच तरी सगळं वाहून जाणार नाही. बुचाच्या कडेला लाकडी चमच्याच्या दांड्याने अगदी हलके, आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंनी टकटक करा. मान तळहाताच्या उबेने गरम करा. मान बुचाच्या आधी प्रसरण पावली की फट किंचित सैल होते. "उकळत्या पाण्यात धरा" किंवा "लायटर फिरवा" असं सांगणाऱ्यांपासून दूर राहा. पहिल्याने काच तडकते, दुसऱ्याने अल्कोहोलची वाफ पेटते. बूच फिरवायचं ते फक्त बोटांनी, आणि सुटलं की सरळ वर उचलायचं. काही बुचांना आत लांब काचेची कांडी असते, तिरकं ओढलंत तर ती मोडते. मानेवर केसाएवढी जरी चीर दिसली तरी हात आवरा. न उघडलेली बाटलीसुद्धा संग्रहात शोभते.

उघडली की त्याच बैठकीत काचेच्या पिपेटने लहान गडद कुप्यांमध्ये काठोकाठ भरा. झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर हवं. रबर नको, ते फुगतं आणि स्वतःचा वास देतं. मूळ बाटलीत उरलेल्या भागावर आरगॉन सोडा. हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे द्रवावर पसरून बसतो. कमी झालेलं नव्या अल्कोहोलने कधीच भरू नका, ती भेसळ आहे. वासाच्या नोंदी लगेच, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी लिहा. त्वचेवर लावू नका. मस्क अँब्रेट या कृत्रिम कस्तुरीसारखे नंतर बंदी आलेले घटक जुन्या बाटल्यांत असू शकतात.

फ्रान्समधल्या व्हर्सायमध्ये 1990 पासून असलेल्या 'ओस्मोथेक' या परफ्यूमच्या संग्रहालयात नमुने अंधारात, 12 अंश सेल्सिअसला, आरगॉनखाली ठेवतात. घरी अंधारं, थंड, स्थिर तापमानाचं कपाट पुरतं. बाथरूम आणि खिडकी वर्ज्य. बाटली आडवी कधीच नको.

वर्षातून एकदा पुन्हा वजन करा. आकडा घसरत असेल तर बूच गळतंय. तेव्हा सांध्यावर टेफ्लॉनची टेप गुंडाळा, आणि तरीही घसरत राहिला तर उरलेलंही कुप्यांमध्ये काढा.