पन्नासच शेअर असले तरी कंपनीला जाब कसा विचारावा

गेल्या ऑगस्टमध्ये नागपुरात धरमपेठेत काकांकडे बसलो होतो. त्यांच्या इनबॉक्समध्ये सात कंपन्यांच्या वार्षिक सभेच्या नोटिसा न उघडता पडल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाले, "आपल्या पन्नास शेअरनं काय फरक पडते रे बाप्पा?"

फरक पडतो. मे २०२४ मध्ये नेस्ले इंडियाने मूळ परदेशी कंपनीला द्यायची रॉयल्टी (तिचं नाव आणि तंत्रज्ञान वापरण्याचं शुल्क) विक्रीच्या ४.५ टक्क्यांवरून हळूहळू ५.२५ टक्क्यांवर नेण्याचा ठराव मांडला. मूळ कंपनीकडे ६० टक्क्यांहून जास्त शेअर आहेत. पण व्यवहार तिच्याशीच होता, म्हणून तिला त्यावर मत देता येत नव्हतं. उरलेल्यांच्या मतांपैकी सुमारे ५७ टक्के विरोधात गेली आणि ठराव पडला. अशा मतदानात संस्थांचं वजन जास्त असतं हे खरं, तरी एकेका शेअरचं मत मोजलं जातं.

तर आधी डिमॅट खात्यातला (शेअर ऑनलाइन ठेवायचं खातं) मोबाइल नंबर आणि ईमेल तपासा. काकांचा नंबर जुना निघाला. ऑनलाइन मत देण्यासाठीचा ओटीपी त्या बंद सिमवर जात राहिला, आम्ही स्क्रीनकडे बघत बसलो आणि एका कंपनीचं मत हुकलं.

नोटीस आली की ठरावांखालचं स्पष्टीकरण वाचा. साधा ठराव निम्म्याहून जास्त मतांनी होतो. विशेष ठरावाला मात्र बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट लागतात, म्हणजे पाव भागाहून जास्त मतं विरोधात गेली तर तो अडतो.

मग वार्षिक अहवाल उघडा, तोही मागच्या बाजूने. चकचकीत फोटो आणि अध्यक्षांचं पत्र राहू द्या. हिशेबाच्या टिपांमध्ये 'रिलेटेड पार्टी'चा, म्हणजे कंपनीशी संबंधित लोक आणि कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांचा तक्ता असतो. माझ्या मते सगळ्या अहवालात सर्वांत बोलकं पान तेच. प्रमोटरच्या (कंपनीवर ताबा असलेल्या मुख्य मालकाच्या) खाजगी कंपन्यांना दिलेली कर्जं, हमी, जागेचं भाडं, ब्रँडची फी हे दोन वर्षांचे आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहून काढा. काकांच्या एका कंपनीत असं कर्ज वर्षभरात दुपटीच्या वर गेलं होतं आणि त्याच वर्षी लाभांश बंद झाला होता. ते पाहून काका बराच वेळ काही बोललेच नाहीत. त्यांच्या निवृत्तीच्या पैशातले शेअर होते ते.

ऑडिटरचा अहवालही बघा. 'क्वालिफाइड ओपिनियन', म्हणजे हिशेबावर ऑडिटरने घेतलेला आक्षेप असेल तर त्याचं कारण शोधा, आणि ऑडिटर मुदतीआधी सोडून गेला असेल तर जास्तच सावध व्हा. प्रमोटरने किती शेअर गहाण ठेवलेत ते एक्स्चेंजच्या साइटवर दर तिमाहीला कळतं. भाव घसरला की सावकार गहाण शेअर विकायला काढतो, त्याने भाव आणखी घसरतो आणि त्याची झळ तुम्हा-आम्हाला बसते.

मत एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या (डिमॅट शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्था) ई-व्होटिंगवर द्यायचं. खिडकी किमान तीन दिवस उघडी असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते. सभेत बोलायचं असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत वक्ता म्हणून नाव नोंदवा. सभा व्हिडिओवर असेल तर नागपुरात घरी बसून बोलता येतं. प्रश्न एकच, छोटा आणि पान क्रमांकासकट विचारा, म्हणजे उडवाउडवी करणं अवघड जातं.

लाभांश अडकला, शेअर नावावर झाले नाहीत, माहिती दडवली अशी तक्रार असेल तर आधी कंपनी सेक्रेटरीला लेखी कळवा. दाद लागली नाही तर शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रारींच्या साइटवर जा. तिथे कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांच्या आत फेरतपासणी मागता येते. पुढे 'स्मार्ट ओडीआर' या साइटवर ऑनलाइन लवाद आहे, म्हणजे कोर्टाबाहेर त्रयस्थाकडून निवाडा. भाव पडला एवढ्याच कारणावर मात्र इथे काही मिळत नाही.

कारभारच सभासदांच्या, म्हणजे शेअरधारकांच्या मुळावर आला असेल तर कंपनी कायदा २०१३ चं कलम २४१ आहे. त्याखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाता येतं. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात असेल तर खंडपीठ मुंबईचं. मोठ्या लिस्टेड कंपनीत त्यासाठी १०० सभासद एकत्र आले तरी पुरतात. खर्च आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून इथवर येण्याआधीच नोटिसा, मतदानाचे स्क्रीनशॉट, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार आणि आकड्यांची ती वही एका फायलीत लावून ठेवा. वकील पहिल्या भेटीत तेच मागतो.