उत्तरायणाच्या सुट्टीत सर्व्हरची कामं वाटायची असतील तर

मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या कारखान्याला १४ आणि १५ जानेवारी अशी सलग सुट्टी असते. सर्व्हरची कामं एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवायला वर्षात याहून बरे दिवस मिळत नाहीत. अडचण एवढीच की त्या दोन दिवसांत अख्खं बडोदं गच्चीवर असतं, फोन कुणी उचलत नाही. त्यात मांज्यानं इंटरनेटची वरून गेलेली केबल तुटली तर दुपार गेलीच. तेव्हा इन्स्टॉलर, पॅकेजेस, ड्रायव्हर सगळं आधी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.

खरी तयारी डिसेंबरातली, आणि ती कागदावरची. डावीकडे प्रश्न लिहा: पत्ता कोण देणार, नाव कोण शोधून देणार, वेळ कोण सांगणार, पासवर्ड कोण तपासणार, फाइली कुठे, प्रिंट कुठून, अपडेट कुठून, लॉग कुठे. उजवीकडे प्रत्येकापुढे एकच मशीन. दुसरं लिहायचंच असेल तर 'पहिलं पडलं तर' असं स्पष्ट लिहा. विंडोज आणि लिनक्स एकत्र नांदतात तिथे सर्व्हर कमी पडून फारसं बिघडत नाही. एकाच प्रश्नाला दोघं उत्तर द्यायला लागले की बिघडतं.

हे मी एका जुन्या नोकरीत भोगलंय. विंडोजवर नवा डीएचसीपी (मशीनांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सेवा) चढवला, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (वापरकर्ते आणि मशीनांची विंडोजची मध्यवर्ती नोंदवही) अधिकृत केला आणि खुशाल घरी गेलो. कोपऱ्यातल्या जुन्या लिनक्सवर डीएनएसमास्क, म्हणजे पत्ते वाटणारा दुसरा प्रोग्रॅम, चालूच होता. डोमेनमधला (त्या नोंदवहीखालच्या मशीनांच्या गटातला) विंडोजचा डीएचसीपी अधिकृत केल्याशिवाय पत्ते वाटत नाही, पण लिनक्सला त्या परवानगीशी देणंघेणं नसतं. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता. सकाळी डिस्पॅचच्या निम्म्या कॉम्प्युटरांना डोमेन सापडेना आणि शेजारच्याच टेबलावर सगळं व्यवस्थित. तेव्हापासून जुनी सेवा नुसती थांबवत नाही. रीस्टार्टनंतर उठणार नाही अशी बंद करतो आणि मशीन एकदा बंद-चालू करून खात्री करतो. आणखी एक: विंडोजच्या डीएचसीपीत लीज, म्हणजे दिलेल्या पत्त्याची मुदत, मुळात ८ दिवसांची असते. ती ५ जानेवारीलाच काही तासांवर आणा, म्हणजे १४ तारखेपर्यंत कुणाच्या खिशात जुनी लांब लीज उरत नाही.

मशीनच्या नावात काम घालू नका. 'फाइलसर्व्हर' नावाच्या मशीनवर उद्या प्रिंट येतं आणि मग ते नाव आयुष्यभर खोटं बोलतं. आमच्याकडे शहराच्या दरवाजांची नावं आहेत: लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, आणि मधली मांडवी. नाव १५ अक्षरांच्या आत बसलं पाहिजे, नेटबायोस या जुन्या नावपद्धतीची ती मर्यादा आहे. कामाचं नाव डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) टोपणनाव म्हणून द्या, काम हलवलं की तेवढंच वळवायचं. फाइल सर्व्हरच्या टोपणनावासाठी एसपीएन (डोमेनमध्ये सेवेच्या नावाची नोंद) नोंदवा, नाहीतर कर्बेरोस ही ओळख तपासायची नवी पद्धत गुपचूप बाजूला पडते आणि एनटीएलएम या जुन्या पद्धतीवर काम चालतं. कळतं ते कुणी एनटीएलएम बंद केल्यावर.

मांडवीकडे पीडीसी एम्युलेटर ही भूमिका (डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारे सर्व्हर, त्यांतल्या एकाकडेच ती असते), कारण वेळ तिथूनच वाटली जाते. तिनं वेळ बाहेरून घ्यायची, बाकीच्यांनी तिच्याकडून. लिनक्सवर क्रोनीत (वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) तिचाच पत्ता टाका. कर्बेरोस मुळात ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं, त्यापुढे लॉगिन नाही. व्हर्च्युअल मशीन असेल तर होस्टकडून (ते ज्या खऱ्या मशीनवर चालतं त्याच्याकडून) वेळ घेण्याची सोय बंद करा, नाहीतर दोन मालक झालेच. आणि घड्याळ बरोब्बर साडेपाच तासांनी चुकलेलं दिसलं तर इंटरनेटला दोष देऊ नका. लिनक्स हार्डवेअरचं घड्याळ बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) धरतो, विंडोज स्थानिक वेळेत. मी एकदा यावर अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

मास्टर भूमिका, म्हणजे एका वेळी एकाच डोमेन कंट्रोलरनं करायची कामं, पाच: दोन फॉरेस्टच्या (डोमेनांचा मिळून गट), तीन डोमेनच्या. सांबा (लिनक्सवर विंडोजच्या सेवा देणारं सॉफ्टवेअर) डोमेन कंट्रोलरवर विचारलं तर तो सात दाखवतो, कारण डीएनएसच्या दोन विभागांचे मालकही तो मोजतो, घाबरू नका. आज कोण कुणाकडे आहे ते छापून यादीला टाचा. जुनं मशीन जिवंत आहे तोवर भूमिका रीतसर हस्तांतरित करा. हिसकावून घ्यायची ती फक्त ते कायमचं गेलं असेल तर, आणि मग ते पुन्हा नेटवर्कला जोडायचं नाही. बॅकअप दोन कंट्रोलरांचे घ्या. स्नॅपशॉटला (व्हर्च्युअल मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती) बॅकअप समजू नका. डीएसआरएमचा (कंट्रोलर दुरुस्तीसाठी सुरू करायची पद्धत) पासवर्ड चालतो का हे आधीच बघा आणि बंद पाकिटात ठेवा. कंट्रोलर बसवला त्या दिवसानंतर तो पासवर्ड कुणी वापरलेलाच नसतो.

लिनक्स फाइल सर्व्हर दोन असतील तर वापरकर्त्यांचे आकडे (लिनक्स माणसाला नावाऐवजी आकड्यानं ओळखतो) ठरवायची पद्धत दोन्हीकडे एकच असू द्या. लिनक्सला डोमेनशी जोडणारे दोन प्रोग्रॅम आहेत; एकीकडे एसएसएसडी, दुसरीकडे विनबाइंड असं केलं तर त्याच माणसाचे दोन आकडे होऊ शकतात आणि कॉपी केलेल्या फाइलींची मालकी भलत्याकडे जाते. देखरेखीचं मशीन डोमेनवर अवलंबून नको. डोमेन पडल्यावर त्याच्यातच लॉगिन होत नसेल तर उपयोग काय?

शेवटचं काम चालत करायचं. वही घेऊन शॉपफ्लोअरवर फिरा आणि ज्या यंत्रांत डीएनएसचा पत्ता हातानं टाकलाय ती टिपून घ्या: प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, वजनकाट्याचा पीसी. यांना डीएचसीपीतला बदल कळत नाही. १६ तारखेला पहिल्या पाळीच्या आधी गेटवर पोचा, पंचिंग मशीनवर आधी स्वतःचं बोट लावा आणि हजेरीच्या सर्व्हरवर ती नोंद उमटली का ते बघूनच आत जा.