टेपर प्लेट घालण्याआधी काय काय तयार हवं

आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की पेडल पायाला ठोके देतं, स्टिअरिंग हातात थरथरतं, आणि खाली पोचल्यावर कुणीतरी सांगतं, "डिस्क वाकली." पावसाळा संपला की अशा गाड्या आमच्याकडे हमखास येतात. त्यातल्या बऱ्याच डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) वाकलेल्या नसतात, हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर, तिरक्या बसलेल्या असतात. हब आणि डिस्क यांच्यामध्ये घालायची टेपर प्लेट हा त्यावरचा खरा उपाय आहे. बांगडीसारखी पातळ पट्टी, स्टडसाठी (हबवरचे चाकाचे बोल्ट) भोकं पाडलेली, एका बाजूला केसभर जाड आणि समोरच्या बाजूला पातळ. पण ती सगळ्यात शेवटी घालायची असते. त्याआधीची तयारी नीट केली तर निम्म्या वेळा प्लेटचं पाकीट उघडावंच लागत नाही.

आधी दुखणं समजून घ्या. डिस्क ०.१ मिमी आउट, म्हणजे फिरताना आतबाहेर तेवढी डोलत, फिरत असेल तर पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, कारण कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबणारे पॅड धरणारा भाग, तिच्याबरोबर थोडा सरकतो. पण ब्रेक न दाबता गाडी चालते तेव्हाही दर फेऱ्याला डिस्कचा तोच भाग पॅडला घासून जातो आणि तेवढाच झिजतो. काही हजार किलोमीटरनंतर डिस्कच्या जाडीत ०.०२ मिमीच्या आसपास फरक पडला की पायाला ठोके लागायला लागतात. म्हणून गिऱ्हाईक म्हणतं, "नवी डिस्क घातली तेव्हा तर बरी होती." ते खरंच बोलत असतं. चूक बसवतानाची असते, ती उमटते काही महिन्यांनी.

सामान काढून ठेवा: ०.०१ मिमीचा डायल (आउट मोजायचं काट्याचं यंत्र), घट्ट धरणारा मॅग्नेट स्टँड, मायक्रोमीटर, टॉर्क पाना, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर, खडू आणि वही. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळा), पुढून नुसत्या जॅकवर नाही तर स्टँडवर. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती छातीत जाते.

पहिलं माप जाडीचं. डिस्कच्या कडेपासून साधारण १० मिमी आत, सारख्या अंतरावर आठ ठिकाणी मायक्रोमीटर लावा आणि आठही आकडे लिहा. त्यांत ०.०२ चा फरक आधीच पडला असेल तर प्लेट घालून ठोके थांबणार नाहीत, कारण प्लेट तिरकेपणा काढते, झीज भरून देत नाही. अशी डिस्क आधी लेथवर टर्न करून आणायची, आणि त्यात ती अंगावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जाणार असेल तर नवीनच घ्यायची. इथे गिऱ्हाइकाला खर्च स्पष्ट सांगावा.

मग बेअरिंग. चाक वरखाली धरून हलवा, प्ले (ढिलेपणा) जाणवला तर पुढचं सगळं काम तिथेच थांबवा. मी एकदा ही पायरी गाळली होती. प्लेट घातली, डायलवर छान ०.०२ आलं, गाडी गेली, आणि तीच तक्रार घेऊन परत आली. बेअरिंग खेळत होतं, त्यामुळे उभ्या गाडीवरचं माप रस्त्यावर टिकलंच नाही. तेव्हापासून वहीत बेअरिंगचा रकाना डायलच्या आधी असतो.

आता साफसफाई, आणि इथे घाई करू नका. किनाऱ्याजवळच्या गाड्यांचं हबचं तोंड तांबडं पडलेलं असतं. तारेच्या ब्रशने ते वरवर चमकतं, पण प्रत्येक स्टडच्या मुळाशी गंजाची एक बारीक कडी राहून जाते, कारण तिथे ब्रश पोचतच नाही. स्टडवरून सरकेल असा पाइपचा तुकडा घ्या, त्याच्या तोंडाला पॉलिश पेपरची चकती चिकटवा, स्टडवर घालून हाताने गोल फिरवा. भुरकट चुरा पडायचा थांबला की नखाने चाचपा. नख अडलं तर अजून खपली आहे. डिस्कची आतली बाजूही तशीच, विशेषतः भोकांच्या कडांची बर, म्हणजे वर आलेली धार. हबच्या तोंडाचा व्यास १४० मिमी असेल आणि कडेला ०.०५ ची एकच खपली राहिली, तर २४० मिमी व्यासावर डायलला जवळजवळ ०.०९ दिसेल. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात सगळी मिळून मर्यादाच ०.०५ ते ०.१ असते. म्हणजे एका खपलीने सगळा हिशेब खाल्ला. साफ झाल्यावर तिथे ग्रीस लावू नका.

डायल लावण्याआधी डिस्क हबवर खरंच आवळा. चाक नसताना डिस्क सैल असते आणि सैल डिस्कचं माप खोटं येतं. निमुळते नट असतील तर खाली जाड वॉशर द्या, एकाआड एक क्रमाने आवळा, शेवटचा जोर टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्याइतका. सगळे नट सारखे आवळलेले नसतील तर एकट्या त्यानेही डिस्क तिरकी होते, म्हणून चाक बसवतानाही नट आवळायच्या गनने ठोकून मोकळं होऊ नका. डायलचं टोक बाहेरच्या तोंडावर, कडेपासून १० मिमी आत. गिअर न्यूट्रलमध्ये, डिस्क हाताने सावकाश फिरवा. काटा सगळ्यात खाली असेल तिथे शून्य, सगळ्यात वर जाईल तिथे डिस्कवर खडूची खूण आणि वहीत आकडा. मग डिस्क काढून हबच्या तोंडाचाही आउट बघा.

त्यानंतर डिस्क एक-एक स्टड पुढे सरकवून पुन्हा मोजा. पाच भोकांच्या हबवर पाच जागा, चार भोकांच्या हबवर चार. हबचा उंचवटा आणि डिस्कचा उंचवटा विरुद्ध बाजूंना आले की एकमेकांना खातात, आणि ०.१ चं ०.०४ झालेलं मी कितीदा पाहिलंय. डिस्कला जागा ठरवणारा छोटा स्क्रू असेल तर मात्र ही सोय नाही. प्रत्येक जागेला आकड्याबरोबर उंच ठिकाण कुठल्या स्टडसमोर आलं तेही लिहा, कारण प्लेट स्टडच्या टप्प्यांवरच फिरते. उंच ठिकाण दोन स्टडच्या बरोबर मध्ये असेल तर पाच भोकांत प्लेट ३६ अंश चुकते आणि योग्य मापाची असूनही साठ टक्के आउट शिल्लक ठेवते. चार भोकांत पाऊण हिस्सा शिल्लक. त्यामुळे जागा निवडताना आकडा किंचित जास्त असला तरी उंच ठिकाण स्टडसमोर येणारी जागा मी घेतो.

मशिनशॉपमध्ये ही अडचण वेगळ्या रीतीने सुटते. तिथे सारख्या टेपरच्या दोन रिंगा एकावर एक ठेवतात. जाड बाजू पातळ बाजूवर आली की टेपर शून्य, जाडावर जाड आली की दुप्पट, आणि दोन्ही जाड बाजूंमध्ये १२० अंश ठेवले की बरोबर एका रिंगेएवढा. दोन्ही मिळून फिरवल्या की हवी ती दिशाही मिळते. गाडीच्या हबवर स्टड आडवे येतात, म्हणून हा खेळ तिथे करू नका, एकावर एक प्लेटा तर मुळीच नाही.

एवढं होऊनही आउट राहिला तरच प्लेट विकत घ्या. घेताना पाकिटावरचा आकडा प्लेटच्या जाडीतला फरक आहे की डिस्कच्या कडेला होणारी दुरुस्ती, हे दुकानदाराकडून नक्की करून घ्या. दोन्हींत जवळजवळ दुपटीचं अंतर पडतं. भोकांचा पीसीडी (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) आणि मधलं भोकही जुळवून बघा. प्लेटवर खूण असते, पण ती खूण जाड बाजूची की पातळ बाजूची हे मायक्रोमीटरने स्वतः तपासा. डायल बाहेरच्या तोंडावर असेल तर खडूच्या खुणेमागे पातळ बाजू आणि तिच्या समोर जाड बाजू. उलटी बसली तर आउट दुप्पट होतो आणि डायल ते लगेच दाखवतो, म्हणून डायलचा स्टँड अजून हलवलेला नसावा. प्लेट घालून, तितक्याच टॉर्कला आवळून परत मोजा. ०.०५ च्या आत आलं की आकडा आणि स्टडची जागा गिऱ्हाइकाच्या सर्व्हिस बुकातही लिहून द्या, म्हणजे पुढच्या वेळी डिस्क काढणाऱ्याला प्लेट कशी होती ते कळेल.