कोर्सच्या नावाआधी मोडुलहांडबुख

माझी मावसबहीण सांगलीला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिने जर्मनीतल्या पाच कोर्सची नावं पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली, "दादा, यातला कुठला चांगला?" नावं एकाहून एक भारदस्त होती. सस्टेनेबल अमुक, अ‍ॅडव्हान्स्ड तमुक. २०२२ साली मीही अशाच एका नावावर भाळून इथे आलो होतो, त्यामुळे तिला हसायचा मला काही हक्क नाही. पण तिला फोनवर जे तासभर सांगितलं, ते एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. तिच्यासारखे निरोप आता दर आठवड्याला येतात.

मी बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात ऊर्जा तंत्रज्ञानात एम.एस्सी. केलं. (घरचे अजूनही सगळ्यांना 'एमएस केलं' असंच सांगतात. मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.) या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून दर सेमिस्टरला १५०० युरो शिकवणी फी आहे, सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क वेगळं. बाकीच्या बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत फी नाही. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने मात्र २०२४-२५ पासून बाहेरच्यांना फी लावली आहे. म्हणून 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य ऐकलंत की कुठल्या राज्यात, कुठल्या विद्यापीठात, एवढं विचाराच. आणि कोर्सच्या वर्णनात 'वायटरबिल्डेंड' हा शब्द दिसला तर थांबा. तो नोकरी करणाऱ्यांसाठीचा सशुल्क अभ्यासक्रम असतो, सरकारी विद्यापीठात असला तरी. आपल्याला हवा असतो तो 'कॉन्झेकुटिव्ह', म्हणजे पदवीला जोडून येणारा.

आता मुद्द्याचं. प्रत्येक कोर्सचं एक मोडुलहांडबुख असतं. विभागाच्या संकेतस्थळावर पीडीएफ पडलेली असते, दीडशे-दोनशे पानांची, बरेचदा फक्त जर्मनमध्ये. तीत दर विषयाला एकदोन पानं असतात. विषय कोण शिकवतं, हिवाळ्यात असतो की उन्हाळ्यात, कुठल्या भाषेत, परीक्षा लेखी की तोंडी, किती मिनिटांची, आधी काय येत असलं पाहिजे, सगळं. मी हे पुस्तक इथे येऊन दोन महिने झाल्यावर उघडलं. ज्या दोन विषयांसाठी मी हा कोर्स निवडला होता, त्यातला एक फक्त जर्मनमध्ये होता आणि दुसऱ्यापुढे प्राध्यापकाच्या जागी 'एन. एन.' लिहिलं होतं. मला वाटलं कुणाची तरी आद्याक्षरं. त्याचा अर्थ, शिकवणारा अजून ठरलेला नाही. तो माझ्या पाच सेमिस्टरांत ठरला नाही.

कोर्स इंग्रजीत आहे म्हणजे सगळे ऐच्छिक विषयही इंग्रजीत आहेत, असं मुळीच नसतं. सक्तीचे विषय इंग्रजीत, आणि निवडीच्या यादीतले चाळीसपैकी पंधरा इंग्रजीत, असा प्रकार सर्रास दिसतो. बी-टूपर्यंत जर्मन आली की यादी एकदम रुंद होते (भाषेच्या पायऱ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात). मी पुण्यात मॅक्स म्युलर भवनात ए-टूपर्यंत शिकून आलो होतो आणि त्या जोरावर बेकरीत ब्रेड मागता येत होता, थर्मोडायनॅमिक्स कळत नव्हतं.

प्रवेशाच्या वेळी दोन गोष्टी बघतात. पहिली, मार्कांचं रूपांतर. इथे १.० सर्वांत चांगलं, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. आपल्या सीजीपीएचं रूपांतर करायला बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान-उत्तीर्ण गुणांनी भागा, तीनने गुणा, एक मिळवा. माझे १० पैकी ७.८ होते. उत्तीर्ण होण्याची किमान पायरी ४ धरली तर उत्तर २.१ येतं. तीच पायरी ५ धरली तर २.३२. अनेक कोर्स २.५ ची अट घालतात, तिथे हा फरक जीव घेतो. तुमच्या विद्यापीठाची किमान उत्तीर्ण श्रेणी गुणपत्रकाच्या मागे छापलेली असते का ते बघा. नसेल तर परीक्षा विभागातून तसं पत्र शिक्क्यासह आणा. खिडकीवर दोन चकरा होतील, पण आणा.

दुसरी गोष्ट जास्त अवघड, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तुम्ही पदवीला गणित किती क्रेडिटचं केलं, हीट ट्रान्सफर किती, कंट्रोल किती, हे विषयवार मोजतात. चांगले मार्क असलेली मुलं इथे बाद होतात आणि घरी बसून 'माझ्यापेक्षा कमीवाल्याला कसा मिळाला' म्हणत राहतात. कधीकधी प्रवेश देतात, पण 'आउफलागे' लावतात, म्हणजे राहिलेला पदवीचा विषय इथे येऊन करा. तो बहुधा जर्मनमध्ये असतो आणि पदव्युत्तरच्या १२० क्रेडिटमध्ये धरला जात नाही. माझ्या खोलीशेजारच्या मुलाला असे दोन होते आणि त्याचं पहिलं वर्ष त्यातच गेलं. म्हणून कॉलेज सोडायच्या आधी चारही वर्षांच्या सिलॅबसची शिक्का मारलेली प्रत घेऊन ठेवा.

बाकीच्या कागदपत्रांबद्दल थोडक्यात. एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली पदवी आणि गुणपत्रकं खरी असल्याचा तपासून दिलेला दाखला, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी सक्तीचं आहे, मी त्याच्या जेमतेम आधी निसटलो. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, ते महिन्याला ९९२ असे सुटतात. हे आकडे बदलतात, अर्ज करताना दूतावासाचं पान बघायचं.

आता इथे पोचल्यावरचं. पहिल्या सेमिस्टरला मी सात विषय घेतले, ४२ क्रेडिट. सेमिस्टरला ३० घ्यायचे असतात, पण आपण इंजिनियरिंगला सहा-सहा विषय, प्रॅक्टिकलं, सबमिशनं एकदम केलेली, आपल्याला सात म्हणजे काय? इथे एका क्रेडिटचे ३० तास धरतात. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे १८० तास. त्यातले वर्गातले ५६, उरलेले १२४ तुम्ही घरी बसून करायचे, आणि हे मोडुलहांडबुखात स्पष्ट छापलेलं असतं. मला ती छापील औपचारिकता वाटली. ती औपचारिकता नव्हती.

इथे टर्मवर्क नाही, इंटर्नल नाहीत, हजेरी बहुतेक विषयांना नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राची जर्नल उतरवायची सोय नाही, कारण जर्नलच नाही. 'फोरलेझुंग' म्हणजे व्याख्यान, 'युबुंग' म्हणजे गणितं सोडवण्याचा तास. व्याख्यानाला गेला नाहीत तरी चालेल, युबुंग चुकवू नका, परीक्षा तिथून येते. वेळापत्रकात आठच्या पुढे 'सी. टी.' लिहिलं असेल तर तास सव्वाआठला सुरू होतो. पहिल्या दिवशी मी आठला पाच कमी असताना जाऊन रिकाम्या सभागृहात बसलो होतो. तास संपल्यावर सगळे बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात, त्या टाळ्या असतात. मला आधी वाटलं, मास्तरांवर चिडलेत.

आणि मग ती चूक, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय. विषयाच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं की नोट्स मिळतात, युबुंगचा गट मिळतो, प्राध्यापकांच्या मेल येतात. मला वाटलं झाली नोंदणी. परीक्षेची नोंदणी ही संपूर्ण वेगळी गोष्ट आहे, वेगळ्या पोर्टलवर. आमच्याकडे ती नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडी असायची. कॉलेजला परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख नोटीस बोर्डवर लागायची, शिपाई वर्गात येऊन सांगायचा, तरी राहिला तर लेट फीवर भागायचं. इथे शिपाईही नाही आणि लेट फीही नाही. फेब्रुवारीत मी पहिल्या पेपरला गेलो. बाकावर ओळखपत्र, पासपोर्ट, दोन पेनं आणि नियमात बसणारा हाताने लिहिलेला सूत्रांचा एक ए-फोर कागद, दोन्ही बाजू गच्च भरलेल्या. पर्यवेक्षक बाई यादी घेऊन ओळीने येत होत्या. माझ्या बाकाशी थांबल्या, यादीवरून बोट वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. मग अतिशय सौम्यपणे म्हणाल्या की तुमचं नाव नाही, तुम्हाला जावं लागेल. दोनशे जणांच्या सभागृहात माझ्या खुर्चीचा आवाज अजून आठवतो. सातपैकी तीनच विषयांची नोंदणी मी योगायोगाने केलेली होती, कारण त्या तीन प्राध्यापकांनी वर्गात आठवण करून दिली होती. बाहेर बर्फ पडत होता. मी घरी फोन केला आणि 'पेपर बरा गेला' म्हणालो.

चारऐवजी पाच सेमिस्टर लागायचं मुख्य कारण हेच.

दुसरी गोष्ट आपल्या केटीच्या, म्हणजे नापास विषय पुढच्या वर्षात घेऊन जायच्या, सवयीबद्दल. केटी म्हणजे आपल्याकडे फार तर पाठीवरचं ओझं. इथे एका विषयाला ठरावीक प्रयत्न मिळतात, बऱ्याच ठिकाणी तीन. शेवटचाही गेला आणि विषय सक्तीचा असेल तर विद्यापीठातून नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात घेणंही अवघड होऊन बसतं. प्रयत्न किती, तोंडी संधी मिळते का, नोंदणी कधीपर्यंत मागे घेता येते, हे सगळं 'प्रुफुंग्सओर्डनुंग' नावाच्या नियमावलीत असतं. तयारी झाली नसेल तर मुदतीत नाव मागे घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

उलटी बाजूही आहे, ती कुणी सांगत नाही. पास झालात की विषय बंद. इम्प्रूव्हमेंट नाही. हीट ट्रान्सफरमध्ये मला ५.० मिळाले. इथे 'आइनझिष्ट' असतं, ठरलेल्या दिवशी जाऊन तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते. मी गेलो. वीस मिनिटं मिळाली, समोर सहायक बसलेला, पेन दप्तरात ठेवायचं. तिसऱ्या प्रश्नात मी एकक चुकवलं होतं पण पुढची रीत बरोबर होती. मोडक्या जर्मनमध्ये तेवढं दाखवलं. त्याने दोनदा वाचलं आणि दीड गुण वाढवला. ५.० चे ४.० झाले. मी उड्या मारत घरी आलो. रात्री एका सीनियर ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अरे, गप्प बसला असतास तर पुन्हा बसून दोन काढले असतेस." तो ४.० माझ्या गुणपत्रकावर आजही आहे, आणि दर मुलाखतीत त्यावर बोट ठेवलं जातं. तरीही आइनझिष्टला जाच. फक्त आपल्याला काय हवंय ते ठरवून जा.

जुन्या प्रश्नपत्रिका 'फाखशाफ्ट'कडे मिळतात. ही विभागातल्या विद्यार्थ्यांचीच संघटना. त्यांची खोली बहुधा तळघरात किंवा जिन्याखाली असते, तिथे कॉफीचं यंत्र आणि एक जुना सोफा हमखास. कन्सल्टन्सीला हजारो रुपये देऊन मला जे कळलं नव्हतं, ते त्या सोफ्यावर पन्नास सेंटच्या कॉफीत कळलं. कुठला प्राध्यापक तोंडी परीक्षेला छळतो, कुठला विषय एक वर्षाआड असतो, कुठल्या प्रयोगशाळेत प्रबंधाला जागा आहे. आपली मुलं तिकडे फिरकत नाहीत, आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप गटात विचारत बसतात आणि तिथे सगळे तितकेच अंधारात असतात. गट हवाच, पोहे आणि गणपती त्याशिवाय कसे होणार, पण विषय निवडायला तो कामाचा नाही.

कामाचं म्हणाल तर मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पहिल्या सेमिस्टरला करू नका असं मी सांगतो. मग स्वतःच्याच विभागात 'हीवी' म्हणून, म्हणजे विद्यार्थी-सहायक म्हणून जागा शोधा. पगार बेताचा, पण माझा सहा महिन्यांचा, ३० क्रेडिटचा प्रबंध त्याच ओळखीतून मिळाला. श्टुटगार्टच्या आसपासच्या गाड्यांच्या कंपन्यांत प्रबंध करायची हौस प्रत्येक पुणेकराला असते, चाकणला त्यांची नावं वाचत मोठं झालेलो आपण. मिळाला तर उत्तम. फक्त कंपनीतल्या प्रबंधालाही विद्यापीठातला प्राध्यापक लागतो, आणि तो आधी शोधायचा असतो, कंपनीचं पत्र आल्यावर नाही.

हे सगळं ऐकून मावसबहीण थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आधी ते पुस्तक वाचू का?" त्याच रात्री तिच्या पाचांतली दोन नावं गळाली, एक 'वायटरबिल्डेंड' निघालं म्हणून आणि दुसऱ्याला कंट्रोलचे क्रेडिट कमी पडत होते म्हणून. तिसऱ्याचं मोडुलहांडबुख १८६ पानांचं आहे. काल तिचा मेसेज आला, पान ४१ वर आहे आणि हा एन. एन. नावाचा माणूस इतके विषय कसे काय शिकवतो, विचारत होती.