कोर सोल्डरला वेगळा फ्लक्स कधी लावायचा?

पुण्यात पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सोल्डरचं रीळ घेतलं की सोबत फ्लक्स पेस्टची, म्हणजे धातूवरचा गंज काढून सोल्डर पसरू देणाऱ्या मलमाची, डबीही घेतली जाते, आणि नवशिका ती प्रत्येक सांध्याला फासत बसतो. काही गरज नसते. ६०/४० (कथील-शिसे) कोर सोल्डरच्या तारेच्या पोटात राळेचा फ्लक्स आधीच असतो, वजनाने साधारण २ टक्के. बोर्ड आणि पार्ट नवे असतील तर तेवढा पुरतो.

सोल्डरिंग आयर्नची टिप पुसा, तिला सोल्डरचा पातळ थर द्या, तापमान ३५० अंशांच्या आसपास ठेवा.

आता खरी अडचण. टिपेवर सोल्डरचा थेंब घ्यायचा आणि तो नेऊन सांध्यावर टेकवायचा, असं मी पहिली दोन वर्षं केलं. सोल्डर १८३ अंशांपासूनच वितळायला लागतं, त्यामुळे एवढ्या तापलेल्या टिपेवर राळ क्षणात धूर होऊन जाते. सांध्यावर पोचतो तो नुसता धातू. तांब्यावरचा गंज तसाच राहतो आणि थेंब अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा वर बसतो. गणपतीत मंडळाचा ॲम्प्लिफायर ऐन आरतीला बंद पडला, तेव्हा उघडून पाहिलं. मीच लावलेल्या सांध्यात पार्टाचा पाय गोल फिरत होता. मी तेव्हा पेस्ट वाढवली. चूक होती ती क्रमाची.

टिप पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) आणि पार्टाचा पाय, दोन्हींना एकदम टेकवा. एक-दीड सेकंद थांबा. तार टिपेला लावू नका, पायाच्या पलीकडच्या बाजूला लावा. तिथे वितळली तरच सांधा तापला असं समजा, आणि राळही नेमकी तिथेच कामाला येते. आधी तार काढा, मग आयर्न. गार होईपर्यंत पाय हलवू नका. सोल्डर उतार धरून पायावर चढलेलं दिसलं पाहिजे.

वेगळा फ्लक्स लागतो तो दुरुस्तीत. जुन्या सांध्यातली राळ केव्हाच जळालेली असते. विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी) सोल्डर ओढताना, आयसीचे दोन पाय चिकटले तर ते सोडवताना, किंवा जुन्या बाजारातून आणलेल्या पार्टांचे पाय काळे पडले असतील तर लावाच. काळे पाय आधी ब्लेडने खरवडून घ्या. काडीच्या टोकावर राहील एवढा फ्लक्स पुरे.

पत्र्याच्या कामाचा ॲसिड फ्लक्स मात्र बोर्डाजवळ आणू नका. कल्हईवाला नवसागर वापरतो, पण भांडं नंतर धुतलं जातं. आयसीखाली शिरलेलं ॲसिड तिथेच राहतं, पावसाळ्यात ओल धरतं आणि तांब्याला हिरवं करून खातं.

खिडकी उघडी ठेवा, राळेच्या धुराने दमा जडू शकतो. पेस्ट वापरली असेल तर शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासून घ्या, पार्टांच्या खालूनसुद्धा.